हात पडायच्या आधी

तासगाव,
रविवार, दि. १९ जानेवारी २०२५
दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे

ती. दादास,

धाकट्या सिद्धूचा नमस्कार.

हे लिहायला बसण्याआधी तात्यांच्या व्हिडिओची नवी फाईल तयार व्हायला लावली आहे. पडद्यावर आत्ता अकरा टक्के दिसताहेत. मायाताईंचा संगणक जुना आहे, पाऊण तास तरी घेईल. आज बाहेर दोन लग्नं असल्यामुळे स्टुडिओतले सगळे शूटिंगला गेलेत, दुकानात मी एकटाच आहे. तेवढ्या वेळात पत्र पूर्ण करावं आणि उद्या पेन ड्राईव्हबरोबर एकाच पाकिटात घालावं, असा विचार आहे.

घरी सगळे बरे आहेत. आईचा गुडघा थंडीत दुखतो, पण औषध चालू आहे. वरच्या पट्टीतला ऊस आठ तारखेला गेला. बत्तीस टन भरला, म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा दोन टन कमी. तुझी साक्षी आता भिंत धरून उभी राहते आणि कुणी बघत नाहीसं दिसलं की भिंत सोडते. क्रांती वहिनींनी संक्रांतीला तिला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घातले होते. तिनं दागिने खाल्ले. फोटो पाठवला होता, पोचला का?

पुण्यस्मरणाची तारीख सोळा फेब्रुवारी पक्की झाली. कीर्तन दहा वाजता, बारा वाजता फुलं, मग जेवणं. अर्जुनाकाकांनी मोठा पडदा सांगितला आहे, बारा बाय आठचा. फुलं पडली की लगेच त्यावर तात्यांचा व्हिडिओ लावायचा, असं त्यांनी सगळ्या भावकीत सांगून ठेवलं आहे. "सगळ्यांस्नी गुंडाभाऊचा आवाज ऐकू दे एकदा," असं ते म्हणतात. फ्लेक्सचा मजकूर माझ्याकडे तपासायला आला होता. पाच चुका निघाल्या, त्या दुरुस्त केल्या.

आता व्हिडिओबद्दल. हे मी पत्रात लिहितो आहे, कारण फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मग माझा क्रम चुकतो. मला क्रमानंच सांगायचं आहे.

पाच जानेवारीला तुझा फोन आला. तू म्हणालास, "सिद्ध्या, आज वरसानं तात्यांचा व्हिडिओ उघडला. आरं, त्यांचा हात पडायच्या आधीच टाळी ऐकू येतीया. भूत हाय का काय?"

टाळी म्हणजे तंबाखूची. डॉक्टरांनी तंबाखू बंद केली होती तरी तात्यांची सवय गेली नव्हती. बोलता बोलता रिकाम्या तळहातावर अंगठा फिरवायचे आणि मग वरून दोन टाळ्या मारायचे. व्हिडिओत त्यांनी असं दोनदा केलं आहे.

मी तुला सांगितलं की हा ब्लूटूथचा दोष आहे. हे खोटं नव्हतं. कानातल्या बिनतारी यंत्रात आवाज पोचायला थोडा उशीर होतो. पण उशीर झाला तर आवाज मागे पडेल, पुढे जाणार नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. तू तिसऱ्या दिवशी वायरचा हेडफोन मागून घेतलास आणि पुन्हा फोन केलास, "तसंच हाय गड्या."

मग मी मोबाईलवर ढकललं. तेही खोटं नव्हतं. मोबाईल सेकंदाला तीस चित्रं काढतो असं म्हणतात, पण खोलीत उजेड कमी झाला की तो कधी अठ्ठावीस काढतो, कधी सत्तावीस. आवाज मात्र एकाच चालीनं भरत राहतो. संगणकावर जोडताना तो सगळीकडे तीसच धरून चालतो, म्हणून चित्र जरा लवकर संपतं आणि आवाज हळूहळू मागे रेंगाळतो. लग्नाच्या शूटिंगमध्ये हे नेहमी होतं. भटजींचं तोंड मिटतं आणि सावधान नंतर येतं. यावर उपाय आहे. आधी सगळा व्हिडिओ ठरलेल्या तिसाच्या चालीत बदलून घ्यायचा. मग एखादा असा क्षण शोधायचा, जिथे काहीतरी आदळतं आणि त्याचा आवाज होतो. आवाजाच्या रेघेत तिथे उभं टोक येतं. ते टोक आणि हात टेकल्याचं चित्र एका रेषेत आणलं की झालं. मी हे रोज करतो. तुला सांगितलं की आठ दिवसांत करून देतो. तू लगेच पाच हजार पाठवलेस आणि म्हणालास, पडद्याचा विसारही यातूनच दे.

सव्वीस टक्के झालेत.

बारा तारखेला मी ते काम घेऊन बसलो. खरं म्हणजे बसलो आणि काहीच केलं नाही. पहिली टाळी एक मिनिट चाळीस सेकंदाला आहे. ती जुळवली. दुसरी अगदी शेवटी, साडेसात मिनिटांच्या जरा आधी आहे. तिथपर्यंत व्हिडिओ नेला की मी पुन्हा पहिल्या टाळीवर जात होतो. मायाताई मागे उभ्या राहून बघत होत्या, ते मला कळलं नाही. स्टुडिओ त्यांचा आहे आणि हे काम मला त्यांनीच शिकवलं आहे.

त्या म्हणाल्या, "फुडची टाळी लाव बघू."

लावली.

"परत लाव."

परत लावली. तात्यांचा हात वर असतानाच दोन टाळ्या वाजल्या, आणि मग हात खाली आला, मुकाट.

त्या म्हणाल्या, "सिद्धू, आवाज मागं पडतो ते मशीनचं काम. आवाज फुडं पळतोय, ते माणसाचं. आन् मोबाईलचा दोष हळूहळू वाढतो रं. हितं एकदम उडी हाय. पाच मिनिटं बारा सेकंदाला. हितं कात्री लागल्याली हाय."

मी व्हिडिओ थांबवला.

"मूळ फाईल हाय का?"

"आहे."

"मग सकाळधरनं माझं लाईट बिल कशाला वाढवतोयस?"

असं म्हणून त्या चहा सांगायला बाहेर गेल्या. कुणी कापलं, ते त्यांनी विचारलं नाही.

दादा, तुला आठवत असेल. आपण लहान असताना कृष्णेच्या काठावर बसायचो आणि पलीकडच्या तीरावर बायका धुणं धुवायच्या. धोपटणं आधी दिसायचं आणि आवाज मागून यायचा. तू मला मोजायला लावायचास. आवाज मागून आलेला माणसाला खपतो, कारण लांबचं सगळं तसंच असतं. पण आवाज आधी आणि हात नंतर, असं जगात कुठेच होत नाही. म्हणून तुला एका बघण्यात कळलं.

आता कात्रीचं सांगतो.

गेल्या वर्षी सतरा फेब्रुवारीला, शनिवारी, तू फोन केलास. तात्यांना दवाखान्यातून घरी आणून पंधरा दिवस झाले होते. तू म्हणालास की रजा वीस दिवसांचीच उरली आहे, मार्चमध्ये क्रांतीचे दिवस भरतील, आत्ता आलो तर तेव्हा येता येणार नाही. "तात्यांनाच इचार. त्यांच्या तोंडनं ऐकायचंय मला. फोनवर खोकतात, काय कळत न्हाई. नीट बशीव, रेकॉर्ड कर आन् पाठीव. ते ये म्हणले तर येतो."

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी साडेनऊला मी त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवून रेकॉर्ड केलं. आई चुलीपाशी होती. मूळ व्हिडिओ सात मिनिटं चाळीस सेकंदांचा आहे. तुला पाठवला तो सात मिनिटं एकतीस सेकंदांचा होता.

पाच मिनिटं सहा सेकंदाला तात्या म्हणतात, "क्रांतीचं दिवस भरत आल्यात. रजा तिकडं लागंल." मग त्यांना खोकला येतो आणि ते टॉवेल तोंडाला लावतात. तुझ्या व्हिडिओत त्यानंतर लगेच ते मान खाली घालून तळहात चोळतात आणि म्हणतात, "बाकी बरं हाय." मग तळहात चोळतच आणखी दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलतात, आणि अगदी शेवटी टाळी.

मूळ व्हिडिओत टॉवेल आणि "बाकी बरं हाय" यांच्यामध्ये आणखी काही आहे. ते मी इथे जसंच्या तसं उतरवतो. शब्द मी अठरा वेळा ऐकून तपासले आहेत.

"पण धवल्या, परवा मोरीत पडलो मी. लय हाका मारल्या. पोराच्या कानात ते लावल्यालं. ह्याच्यानं न्हाई व्हायचं. तू ये."

चित्रातून मी नऊ सेकंद काढले. टॉवेल तोंडावर असताना कापलं आणि मान खाली असताना जोडलं, म्हणजे जोड दिसत नाही. आवाजात मात्र "तू ये" नंतर त्यांनी सोडलेला उसासाही काढावा लागला, कारण तो ऐकू आला असता तर आधी काहीतरी बोलले आहेत हे कळलं असतं. म्हणून आवाजातून साडेदहा सेकंद गेले. त्या दीड सेकंदानं पुढचा सगळा आवाज चित्राच्या पुढे धावतो. तेव्हा मला ते लक्षात आलं नाही. घाईत होतो. तू दर दहा मिनिटांनी पाठव पाठव करत होतास.

चव्वेचाळीस टक्के.

मोरीचं सांगायचं राहिलं. ते सोळा फेब्रुवारीला, शुक्रवारी झालं. आई सोसायटीत अंगठा द्यायला गेली होती. मी घरीच मायाताईंचं काम करत होतो. पलूसच्या एका लग्नात मंगलाष्टकं भटजींच्या तोंडाशी जुळत नव्हती. कानावर मोठे हेडफोन होते, बाहेरचं काही ऐकू न येणारे. ते मी स्वतःच्या पैशानं घेतले होते, कारण घरी फार आवाज असतो. तात्यांनी हाक मारली असेल. एकदा नाही, बऱ्याच वेळा. मग ते स्वतःच उठले.

मी फाईल जपून ठेवली ती वेळ ११ वाजून ४ मिनिटं, आणि पुन्हा जपून ठेवून हेडफोन काढले ती ११ वाजून २२ मिनिटं. संगणक वेळ लिहून ठेवतो, म्हणून मला माहीत आहे. या अठरा मिनिटांत ते कधी पडले, ते संगणकाला माहीत नाही.

मोरीच्या दारात गेलो तर ते भिंतीला टेकून बसले होते. एक हात नळावर. माझ्याकडे बघून म्हणाले, "लागलं का लगीन?"

मी त्यांना उचलायला गेलो. पहिल्यांदा जमलं नाही, अर्ध्यातून हात सुटला आणि ते पुन्हा खाली बसले. दुसऱ्यांदा जमलं. आई आल्यावर ते तिला म्हणाले, "पाय सरकला जरा. ह्यानं उचललं लगीच." आईनं हळद लावली. मी डॉक्टरांना पुढे तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ते म्हणाले की जे झालं ते फुप्फुसामुळे, पडण्याचा संबंध नाही. चौथ्यांदा विचारायला गेलो तेव्हा कंपाऊंडर म्हणाला, "डॉक्टर बिझी हायत."

तात्या आईला बोलले नाहीत, मला बोलले नाहीत. मी समोर मोबाईल धरून उभा होतो आणि ते तुला बोलले.

त्या दिवशी मी मनाशी असं म्हटलं होतं की मोरीचं तेवढं काढायचं आणि "तू ये" ठेवायचं. दादाला तेवढंच तर ऐकायचं आहे. पण "न्हाई व्हायचं" आणि "तू ये" हे एका श्वासात आलं आहे, मध्ये कापायला जागा नाही, म्हणून दोन्ही गेलं. गेलं वर्षभर मी स्वतःला हेच सांगत आलो. आईही म्हणत होती की धवलला आत्ता नको बोलवायला, त्याची रजा मोडेल, मग बाळंतपणात क्रांतीजवळ कोण. तेही मी यात जमा धरत होतो.

बारा तारखेला मायाताई चहा सांगायला गेल्या तेव्हा मी मूळ फाईल उघडून ती जागा पुन्हा पाहिली. जागा आहे. "व्हायचं" संपल्यावर आठ चित्रांइतकी शांतता आहे, म्हणजे सेकंदाच्या चौथाईहून जरा जास्त. मी रोज याच्या निम्म्या जागेत कापतो. त्या दिवशीही ती मला दिसली होती. मला वाटलं, तू आलास तर तात्या तुला मोरीचं स्वतः सांगतील. म्हणून "तू ये" काढलं.

तुझा उलटा फोन आला, "बघितला. रजा राखून ठेव म्हणत्यात. आवाज बरा वाटला." मी हो म्हणालो.

त्यानंतर दहा दिवसांनी अठ्ठावीस तारखेला ते गेले. तू विमानानं आलास तरी स्मशानातच पोचलास.

या दहा दिवसांत मी हेडफोन लावले नाहीत. तात्या दोनदा दाराकडे बघून म्हणाले, "धवल्या कदी निघतोय?" पहिल्या वेळी मी म्हणालो, कळवतो म्हणालाय. दुसऱ्या वेळी आई म्हणाली, "आवं, त्यो कसा यील, तुमीच नगं म्हणलाय न्हवं व्हिडिओत." ते आईकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी विषय काढला नाही.

हे मला सगळ्यात शेवटी लिहायचं होतं, पण क्रमानं इथेच आलं.

एकाहत्तर टक्के झालेत.

तरीही कदाचित हे पत्र मी लिहिलं नसतं. आवाज दीड सेकंदानं मागे सरकवला असता तर टाळी जुळली असती आणि कुणाला काही कळलं नसतं. मायाताईंनी कुणाला सांगितलं नसतं. काम पाच मिनिटांचं होतं. पण संक्रांतीला मी घरी गेलो. वहिनी तिळगूळ देताना म्हणाल्या, "ह्यांनी तवा तिकीट काढल्यालं हुतं की. एकोणीस तारखेचं. व्हिडिओ बघितला आन् रद्द केलं. मला बी नंतर सांगितलं." मला हे माहीत नव्हतं. तू कधी बोलला नाहीस. मला वाटत होतं की तू विचारत होतास. तू निघालाच होतास.

म्हणून नवी फाईल अशी केली आहे. मूळ व्हिडिओ पूर्ण, सात मिनिटं चाळीस सेकंद. काहीही काढलेलं नाही, खोकलासुद्धा. फक्त चित्राची चाल तिसावर आणली आहे आणि दोन्ही टाळ्या जुळवल्या आहेत. आता हात पडतो तेव्हाच आवाज येतो. मी प्रत्येक टाळी दहा वेळा तपासली. शेवटी, दुसऱ्या टाळीनंतर, ते चिमूट धरल्यासारखा हात पुढे करतात, घे म्हणून. हातात काही नसतं. समोर मी होतो. दोन्ही हातांत मोबाईल होता, म्हणून मी घेतली नाही. हे तुझ्याकडच्या व्हिडिओतही होतं, पण आवाज आधीच संपल्यामुळे तू तो तिथेच बंद केला असशील. या खेपेला शेवटपर्यंत बघ.

व्हॉट्सॲपवर पाठवत नाही. तिथे फाईल दाबली जाते आणि पुन्हा दोष येईल. पेन ड्राईव्ह तुमच्या युनिटमधल्या संगणकावर लावू देत नसतील, तर सोबत मोबाईलला जोडायची छोटी पिन घातली आहे. वायरचाच हेडफोन लाव.

आईला मी आज संध्याकाळी घरी जाऊन सांगणार आहे. तुझं उत्तर येईपर्यंत थांबणार नाही, कारण थांबलो तर सांगणार नाही.

सोळा तारखेला पडद्यावर हाच व्हिडिओ लावायचा की नाही, ते तू ठरव. तू लाव म्हणालास तर मी लावीन आणि तिथेच मशीनपाशी उभा राहीन. नको म्हणालास तर पडद्यावर नुसता फोटो ठेवू, अर्जुनाकाकांना कारण मी सांगेन आणि ते खरं सांगेन. जुना व्हिडिओ मात्र लावणार नाही.

तू माझ्याशी बोलावंस असं मी लिहीत नाही. ते माझ्या हातात नाही. पण बोलायचं असेल तर कुठल्याही वेळी फोन कर. हेडफोन मी मायाताईंच्या कपाटात ठेवले आहेत, कामापुरते काढतो.

शंभर टक्के झाले. तपासून पाहिलं. टाळी बरोबर पडते आहे.

तात्यांच्या हाकेला न गेलेला,
सिद्धू

हिशेब.
तू पाठवलेले: ५,०००
पडद्याचा विसार, अर्जुनाकाकांच्या हाती: २,०००
शिल्लक ३,०००, आईजवळ देतो आहे.
पेन ड्राईव्ह आणि पिन ४३०, स्पीड पोस्ट अंदाजे ८०. हे माझ्याकडचे, तुझ्या पैशातले नाहीत.
मायाताईंनी मशीनचं भाडं घेतलं नाही.
मी तुला देणं: १९ फेब्रुवारीचं तिकीट रद्द करताना तुझे कापले गेले ते. आकडा मला माहीत नाही. तो तू सांग.